आखलेलं शहर आणि राखलेलं शहर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात घरच्या मंडळींबरोबर कच्छला जाताय, धोलावीरा बघायचं आहे. सिंधू संस्कृतीची शहरं नियोजनबद्ध होती हे शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलात. पण त्यांची लिपी वाचता येत नाही, एकाही राजाचं नाव ठाऊक नाही, मग हे नियोजन नुसत्या पडक्या भिंतींवरून ओळखतात कसं? आणि शहरं इतकी चांगली होती तर लोकांनी ती सोडली का?

माझी हयात उत्खननात गेली. गुजरात, हरियाणा आणि आपल्याकडची गोदावरी-प्रवरेच्या काठची टेकाडं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. एक गोष्ट आधीच सांगतो. ‘नियोजन’ या शब्दावर आपण गरजेपेक्षा जास्त भर देतो. काटकोनातले रस्ते चार महिन्यांत आखता येतात. ते सहा-सातशे वर्षं वापरात ठेवायचे तर कुणीतरी रोज गटार उपसावं लागतं, विहिरीचा काठ वेळच्या वेळी चढवावा लागतो, तळ्यातला गाळ काढावा लागतो. मला या शहरांचं मोठेपण त्या कामात दिसतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

पण आधी पहिला प्रश्न. नियोजन ओळखायला लिपी लागत नाही, मोजपट्टी लागते. हडप्पा काळातली वीट हातात घ्या. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. भाजलेली वीट साधारण ७ × १४ × २८ सेंटीमीटर. तटाच्या कच्च्या विटा आकाराने मोठ्या, पण प्रमाण तेच, १:२:४. गवंड्याला विचारा, या प्रमाणाचा फायदा तो लगेच सांगेल: दोन विटा शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या की एका उभ्या विटेची लांबी भरते, त्यामुळे सांधमोड, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर न येणं, आपोआप साधते आणि वीट तोडावी लागत नाही. हे प्रमाण सिंधमधल्या मोहेंजोदडोत आहे, पंजाबातल्या हडप्प्यात आहे, राजस्थानातल्या कालीबंगनलाही आहे. मधलं अंतर शेकडो किलोमीटरचं. वजनांचंही तेच. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घासून गुळगुळीत केलेले छोटे घन, नेहमी सापडणारं एक वजन १३.७ ग्रॅमच्या आसपास, आणि लहान वजनं दुपटीच्या पटीत चढत जाणारी. कालीबंगनला रस्त्यांच्या रुंद्या मोजल्या तेव्हा १.८, ३.६, ५.४ आणि ७.२ मीटर अशा भरल्या. गल्लीची दुप्पट, तिप्पट, चौपट. हे योगायोगाने होत नाही.

तरीही एकच नकाशा सगळीकडे छापला होता असं मानू नका. हरियाणातल्या बनावलीला रस्ते सरळ काटकोनात जात नाहीत. धोलावीराला तर विटेपेक्षा दगडाचं काम जास्त, कारण ते ज्या खदिर बेटावर आहे तिथे दगड हाताशी होता. माप सगळीकडचं एक, पण गाव त्या त्या जागेचं ऐकून वसवलेलं. मला यात त्यांचं शहाणपण दिसतं.

विटेवरून एक गोष्ट आठवली. १९११-१२च्या सुमारास देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला गेले होते. आपल्या रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव, स्वतः मोठे अभ्यासक. त्यांनी पाहणी करून अहवाल दिला की हे अवशेष फार जुने नाहीत, दोनेकशे वर्षांचे असतील. कारण विटा आजच्यासारख्या आहेत आणि कोरीवकामाचा मागमूस नाही. पुढे दहा वर्षांनी राखालदास बॅनर्जींनी तिथे खणायला सुरुवात केली, तीही वरच्या कुशाणकालीन स्तूपासाठी. त्याच सुमारास दयाराम साहनी हडप्प्याला खणत होते. १९२४च्या सप्टेंबरात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी दोन्ही ठिकाणचा शोध जगापुढे ठेवला. भांडारकरांची चूक मला नेहमी बोलकी वाटते. साडेचार हजार वर्षांपूर्वीची वीट इतकी नेटकी होती की जाणत्या माणसाला ती कालपरवाची वाटली. हडप्प्याच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली तिथल्या विटा खडी म्हणून गेल्या, सुमारे १६० किलोमीटरपर्यंत. त्या विटांनी आगगाडीचं वजन पेललं.

आता मूळ मुद्दा, निगा. आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणूस एका जागी राहिला की चुलीची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, खापरं, हाडं असं सगळं साठत जातं आणि जमीन वर चढते. म्हणून आम्ही अजूनही प्राचीन वस्तीच्या टेकाडाला ‘पांढरीचं टेकाड’ म्हणतो. शहराचंही हेच होतं. घर पडलं की त्याच भिंतींवर नवं घर उभं राहतं, रस्ता भराव खात खात उंचावतो. आता विचार करा, रस्ता दर पिढीला हातभर वर आला तर गटाराचं काय होईल? विहिरीचं काय होईल?

मोहेंजोदडोत याचं उत्तर डोळ्यांनी दिसतं. मिखाएल यान्सन या जर्मन अभ्यासकाने तिथे सातशेच्या वर विहिरी असाव्यात असा अंदाज बांधला आहे. पाचरीच्या आकाराच्या विटा गोलाईत बसवून बांधलेल्या या विहिरी. बाहेरून मातीचा दाब आला की पाचरी एकमेकींत आणखी घट्ट बसतात, विहीर ढासळत नाही. रस्ता चढला की विहिरीचा काठ चढवायचा. पुन्हा चढला की पुन्हा. शतकानुशतकं हे चालू होतं. उत्खननात भोवतालची माती निघाली तेव्हा या विहिरी भट्टीच्या धुराड्यांसारख्या हवेत उभ्या राहिल्या. पहिल्यांदा फोटो बघणाऱ्याला तो बुरूजच वाटतो. प्रत्यक्षात ती आतून बाहेर काढलेली विहीर आहे, आणि तिच्या उंचीत कित्येक पिढ्यांची डागडुजी रचलेली आहे. काही विहिरींच्या काठाच्या विटांना दोरीने घासून खाचा पडल्या आहेत. ज्यांनी आजोळच्या आडावर पोहऱ्याने पाणी शेंदलं असेल त्यांना त्या खाचा कशाच्या हे समजवावं लागत नाही.

मग मोरी. मुद्दाम हा शब्द वापरतो, कारण ‘स्नानगृह’ म्हटलं की काहीतरी राजेशाही डोळ्यांपुढे येतं. मोहेंजोदडोच्या घरांत ती आपल्या जुन्या वाड्यांतल्यासारखी मोरीच आहे. कोपऱ्यात छोटीशी चौकोनी जागा, कडा घासून फटी राहणार नाहीत अशा बसवलेल्या विटा, एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथून भिंतीतून बाहेर पन्हळ. वरच्या मजल्याचं पाणी उतरवायला भिंतीत भाजक्या मातीचे नळ. बाहेर पडलेलं पाणी कुठे रांजणात, कुठे विटांच्या हौदात जमायचं, गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी गल्लीच्या गटारात. गटारावर विटांची किंवा दगडाची झाकणं, उचलता येतील अशी. ही झाकणंच मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. झाकण उचलता येतं याचा अर्थ ते कुणीतरी नेमाने उचलणार होतं. तिथल्या उत्खननात गटारांच्या कडेला वाळूचे छोटे छोटे ढीग सापडले. गटार उपसलं, गाळ काठावर टाकला आणि तो तिथेच राहून गेला. महापालिकेचं माणूस आजही गाळ काढून तसाच कडेला ठेवून जातं, तुमच्या गल्लीतही दिसेल. त्या ढिगाऱ्यांपाशी मला ते लोक एकदम जवळचे वाटतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. हरियाणातल्या एका टेकाडावर आमच्या ट्रेंचमध्ये विटांचं एक अरुंद गटार लागलं, वीतभर रुंद. मी तेव्हा नवखा होतो आणि घाईत होतो. गटार मोकळं करून फोटो काढायचा एवढंच डोक्यात. आमच्या सरांनी थांबवलं. म्हणाले, “आधी त्याचा आडवा छेद घे. आत काय भरलंय ते रिकाम्या गटारापेक्षा जास्त बोलेल.” खुरपी बाजूला ठेवून पातळ सुरीने छेद नीट केला, पाण्याचा हलका फवारा मारला आणि थर दिसू लागले. तळाशी विटेला चिकटून राखाडी गाळाची पातळ साय, बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. त्यावर मात्र एकदम जाड, मिश्र भर: खापरं, हाडांचे तुकडे, कोळसा, फुटक्या विटा. सरांनी विचारलं, “यातलं गटार कुठलं आणि उकिरडा कुठला?” तळाची पातळ साय म्हणजे वापरातलं गटार. सतत उपसलं गेलं म्हणून गाळ साचलाच नाही. वरची जाड भर म्हणजे उपसणारे हात थांबल्यानंतरचा काळ. मधे एकच रेघ होती, नखाने ओढल्यासारखी. त्या रेघेवर शहराची वहिवाट संपत होती. तेव्हापासून गेल्या गेल्या मी गटारच शोधतो.

हा उपसा करवून कोण घेत होतं? इथे हडप्प्याचा एक पुरावा फार कामाचा आहे. तिथे १९८६ पासून झालेल्या उत्खननात वजनं शहरभर सारखी विखुरलेली नव्हती, वेशींच्या आतल्या बाजूला ती जास्त सापडली. वेशीत वजनं कशाला हवीत? आत येणाऱ्या मालावर काहीतरी घ्यायला. सरळ शब्दांत, जकात नाका. माझं मत असं की मोऱ्या-गटारांचा, तटाच्या डागडुजीचा खर्च या नाक्यांवरून निघत असावा. व्यापार मोठा होता. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, अक्कडचा राजा सारगॉन अभिमानाने नोंदवतो की मेलुहाची जहाजं त्याच्या धक्क्याला लागतात, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. अफगाणिस्तानात शोर्तुगाईला, लाजवर्द या निळ्या दगडाच्या खाणींच्या वाटेवर, सिंधूच्या लोकांची वसाहत होती. असा माल वेशीतून जात असेल तोवर गटार उपसणाऱ्याची मजुरी निघते.

आता धोलावीरा. कच्छच्या मोठ्या रणातलं खदिर बेट. पाऊस वर्षाला ३०० मिलिमीटरच्याही आत, भोवती खारं रण, बारमाही नदी नाही. १९६७-६८ मध्ये जगत्पती जोशींनी जागा शोधली आणि १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी अनेक हंगाम खणली. २०२१ मध्ये ती जागतिक वारसा झाली. अशा ठिकाणी सुमारे ७७० × ६१५ मीटरच्या तटात शहर वसवायचं म्हणजे धाडसच. ते जमलं दोन ओढ्यांच्या जोरावर, उत्तरेला मनसर आणि दक्षिणेला मनहर. दोन्ही पावसाळ्यापुरते वाहणारे. त्यांच्यावर बांध घातले, पाणी वळवलं आणि जमिनीचा उतार हेरून तटाच्या कडेकडेने जलाशयांची माळ केली. वरचा भरला की पाणी खालच्यात. बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा जलाशय ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १०.६ मीटर खोल आहे. दक्षिणेला सलग खडकात कोरलेली टाकी आहेत. आपल्या गडांवरची खडकातली टाकी पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटतील. फक्त ही चार हजार वर्षांहून जुनी. बालेकिल्ल्यावर पडणारं पावसाचं पाणीही वाया जाऊ दिलं नाही. दगडी भुयारी नाल्यांतून तेही गोळा केलं, काही नाले माणूस उभा राहील एवढे उंच.

अशा जलाशयाचा गाळ काढला नाही तर काय होतं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही पाझर तलावाकडे बघून कळेल. रणातल्या वाऱ्याने येणारी धूळ आणि ओढ्याने आणलेली माती वर्षावर्षाला साठते. पंधरा-वीस पावसाळ्यांत साठवण निम्म्यावर येऊ शकते. धोलावीराचे लोक कित्येक शतकं त्या पाण्यावर जगले याचा अर्थ दर उन्हाळ्यात, तळ उघडा पडल्यावर, शेकडो माणसं पाट्या घेऊन त्या पायऱ्या उतरत-चढत होती. त्या पायऱ्या पाण्यापर्यंत जाण्यासाठी जितक्या, तितक्याच गाळ वर आणण्यासाठी होत्या असं मला वाटतं.

आणि आता दुसरा प्रश्न, सोडलं का. तुम्ही शाळेत कदाचित आर्यांच्या स्वारीची कथा वाचली असेल. मॉर्टिमर व्हीलर या उत्खननकर्त्यांनी मोहेंजोदडोच्या वरच्या थरांतल्या काही सांगाड्यांवरून कत्तलीची कल्पना मांडली होती. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी तोच पुरावा पुन्हा तपासला. सांगाडे एका वेळचे नाहीत, एका थरातले नाहीत, लढाईच्या खुणा नाहीत. ती कथा तिथे संपली. पाठ्यपुस्तकांतून निघायला मात्र फार वेळ लागला, याची मला आजही खंत वाटते.

खरी हकीकत हळूहळू घडलेली आहे. इ.स.पू. २२०० च्या आसपास पावसाळा दुबळा झाला. घग्गर-हाक्रा नदीच्या खोऱ्यात पाणी आटत गेलं. मेसोपोटेमियाशी होणारा व्यापार ओसरला. म्हणजे वेशीवरचा माल कमी, जकात कमी, उपसा कमी. मोहेंजोदडोच्या शेवटच्या थरांत मोठ्या घरांच्या खोल्या पाडून खुराडी केलेली दिसतात, आणि कुंभाराच्या भट्ट्या वस्तीत, चक्क रस्त्यावर आलेल्या. ज्या शहरात एके काळी भट्टीचा धूर लोकांच्या दारात येणं चाललं नसतं, तिथे आता हटकणारं कुणी उरलं नव्हतं. धोलावीराच्या उत्खननकर्त्यांनी शहराच्या इतिहासाचे सात टप्पे पाडले आहेत. चौथा वैभवाचा. पाचव्यात मडकी तीच, मुद्रा त्याच, लोकही तेच. पण शहराची निगा ढासळली, आणि ती सगळ्यात जास्त बालेकिल्ल्यात. हे वाक्य मी नव्या विद्यार्थ्यांना दरवर्षी समजावून सांगतो. शत्रू आला नव्हता, कला विसरली नव्हती. आधी डागडुजी थांबली, मग माणसं गेली. काही काळ जागा ओस पडली. सहाव्या टप्प्यात लोक परतले, पण लहान वस्ती करून. पुन्हा ओस. आणि सातव्यात जे आले त्यांनी दगडांच्या पायावर गोल झोपड्या बांधल्या. चौकोनी आखणी, मुद्रा, तट यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं उरलं नव्हतं.

माणसं मात्र नाहीशी झाली नाहीत. इ.स.पू. १९०० नंतर मोठी शहरं रोडावतात तशा पूर्वेकडे, गंगा-यमुनेच्या वरच्या पट्ट्यात, आणि गुजरातेत लहान खेड्यांची संख्या वाढते. आपल्याकडेही त्यांचा हात पोहोचला. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळाचा थर मिळाला, सिंधू लिपीतली अक्षरं असलेल्या गोल मुद्रा मिळाल्या. १९७४ मध्ये तिथेच बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी भरीव धातूची चार शिल्पं एका शेतकऱ्याला सापडली; एकत्र वजन साठ किलोच्या वर. ती नेमकी कुठल्या काळातली यावर वाद आहे. पण प्रवरेच्या पांढरीत सिंधूची अक्षरं सापडतात एवढं पक्कं आहे. आणखी एक धागा: मोहेंजोदडोच्या ज्या भागाला अभ्यासक ‘डीके’ म्हणतात, तो काशिनाथ नारायण दीक्षित या पंढरपूरच्या माणसाच्या नावाने. ‘पुरोहित राजा’ म्हणून प्रसिद्ध असलेला छोटा पुतळा तिथेच मिळाला.

आता जाताय तर काही सूचना. सकाळी लवकर पोहोचा. उन्हं तिरपी असताना भिंतींच्या सावल्या पडतात आणि आराखडा उठून दिसतो. दुपारी सगळं एकसारखं पांढरं होतं. आधी साइटवरचं लहान संग्रहालय बघा. मग थेट बालेकिल्ल्यावर चढू नका, पूर्वेच्या जलाशयाला बाहेरून वळसा घाला आणि पाणी कुठून शिरत असेल ते उतारावरून ओळखण्याचा प्रयत्न करा. मुलांना हे काम सांगा, ती मोठ्यांच्या आधी ओळखतात. उत्तर दरवाजाशी थांबा. तिथल्या बाजूच्या खोलीत जिप्समच्या तुकड्यांची दहा मोठी अक्षरं मिळाली, लाकडी फळीवर बसवलेली, प्रत्येक अक्षर सुमारे ३७ सेंटीमीटर उंच. फळी कुजून गेली, अक्षरं जागच्या जागी राहिली. बालेकिल्ल्यावरच्या विहिरीच्या दगडावर दोरीच्या खाचा आहेत, त्या चुकवू नका. हात लावू नका, पण वाकून बघा. नाल्यांचे दगड उचलून बघण्याचा मोह टाळा.

आणि परतताना खावड्याच्या रस्त्याने भुजकडे आलात तर वाटेत बन्नीतला एखादा भुंगा बघून घ्या, ती जाड मातीची गोल घरं. धोलावीराच्या शेवटच्या थरातल्या गोल झोपड्यांचे पाये पाहून आलेल्या माणसाला त्या दारात उभं राहिल्यावर फार काही सांगावं लागत नाही.